भोपाळ वर उचललं गेलं तेव्हा

मंजूषा डबीर भोपाळच्या सरकण्यावर लक्ष ठेवून होत्या. साकेत नगरजवळच्या एका संशोधन केंद्राच्या आवारात, मागच्या कोपऱ्यात, खडकात रोवलेला सिमेंटचा खांब होता आणि त्यावर पांढऱ्या घुमटीखाली अँटेना. उपग्रहांचे संदेश पकडून ती आपली जागा मिलिमीटरपर्यंत सांगायची. त्यावरून कळायचं, की भोपाळच काय, भारताचा अख्खा भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतोय. बाईंचं काम केबल तपासणं, गवत कापून घेणं आणि माकडं हाकलणं. हे यंत्र करतं तरी काय, असं त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. घरी तर नाहीच.

श्रावणात पुण्याहून मिलिंदचा फोन आला. आकडे तपासायचं काम त्याचं.

"मॅडम, भोपाळ वर उचललं गेलंय. दोन सेंटीमीटर."

"मला तर काही जाणवलं नाही," म्हणत बाई मागच्या खांबापाशी गेल्या.

घुमटीवर बांबूच्या तिकाटण्याला तांब्याचं अभिषेकपात्र टांगलेलं होतं. थेंब थेंब पाणी पडत होतं. वर बेलाची पानं. कुंपणाची जाळी एका बाजूने उचकटलेली, आणि आत एक म्हातारे गृहस्थ हात जोडून बसलेले.

"काका, ही पिंड नाही."

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "शाळुंका दिसेना. पण दवाखान्याच्या खिडकीतून हीच दिसते."

ते भालचंद्र वऱ्हाडपांडे. कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, राहायला इंद्रपुरीत. पत्नी नलिनी पलीकडच्या दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

बाईंनी सरळ सांगून टाकलं: या तांब्यामुळे उपग्रह नीट दिसत नाहीत, हिशोब चुकतो. खालची जमीन कशी सरकते, तेही सांगितलं.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे नलू ऑपरेशनच्या टेबलावर असतानाही सरकत राहणार?"

"टेबलासकट. डॉक्टरांसकट."

"मग ठीक आहे."

त्यांनी स्वतःच पात्र उतरवलं, पानं वेचली, जाळी वळवून पूर्ववत केली. फिटरचा हात, काम पक्कं झालं. बाईंनी ऑफिसातून प्लास्टिकची खुर्ची आणून कुंपणाबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी काका दिवसभर तिच्यावर बसून होते. जेवणाच्या सुट्टीत बाईही डबा घेऊन तिथे गेल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. भोपाळही खाली आलं.

"कारण काय लिहू?" मिलिंदने विचारलं.

"तांब्या."

दिवाळीनंतर काका नलिनीबाईंना घेऊन आले. काठी टेकत त्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या आणि घुमटी बराच वेळ न्याहाळत होत्या.

"आत्ता या क्षणीही सरकतोय का हो आपण?"

"हो."

नलिनीबाईंनी काठी नवऱ्याच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली.