कोळ्याचा डावा हात

ज्वारीच्या दाण्याएवढा कोळी नव्या जातीचा आहे हे सिद्ध करायला त्याचा नर लागतो. नराच्या तोंडाजवळ दोन इवले हात असतात आणि त्यांच्या घडणीवरून जात ओळखतात. आम्हाला मात्र नेहमी माद्याच सापडायच्या. शेवटी वडनेरच्या एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात मादीसोबत एक नरही हाती लागला.

एका नळीत एकच कोळी, असा नियम. माझ्याजवळ दुसरी नळी होती, पण तिच्यात मी उरलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा भरून ठेवला होता. तो काही फेकवेना. म्हणून नवरा-बायकोला एकत्रच कोंबलं आणि वर्ध्याची एसटी पकडली.

हिंगणघाट सोडल्यावर नळी डोळ्यांजवळ नेली. मादीनं नराच्या तोंडाजवळ दात रुतवले होते. त्याचा एक पाय तुटून तळाशी पडला होता, बाकीचे थरथरत होते, आणि ती त्याला गदागदा हलवत होती.

शेजारी बसलेला माझा संशोधनातला जोडीदार ओरडला, "अबे, खाऊन राह्यली ना त्याले! काऊन ठेवलं दोघांले एकात?"

"दुसरीत खर्रा होता."

"मंग आता खर्र्याचीच नवीन जात जाहीर कर!"

त्यानं नळी हिसकावून दोघांवर स्पिरिट ओतलं. मादी मेली, पण जबडा सुटला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं तो फाकवला, तेव्हा नराचा उजवा हात चावून चोथा झालेला दिसला. डावा तेवढा शाबूत निघाला.

त्या एका हातावर जात जाहीर झाली. वर्णनात आम्ही लिहिलं, 'उजवा हात खराब झालेला.' कोणामुळे, हे लिहायची तिथे पद्धत नाही, हे माझं नशीब.