आठवड्याची गोळी

पन्नाशीत मी एक मोठा शहाणपणा केला. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती. गुडघे लवकर बरे व्हावेत म्हणून मी ती रोज घेतली. दोन महिन्यांत तहान, उलट्या, आणि रक्तात इतकं कॅल्शियम, की मूत्रपिंडांवर बेतलं.

आज सकाळी खिडकीतलं कोवळं ऊन माझ्या पायांवर येऊन बसलं आणि थोड्या वेळाने आपणहून उठून भिंतीकडे गेलं. ऊन बिचारं स्वतःच आवरतं घेतं. गोळीच्या बाबतीत ती अक्कल माणसाने ठेवायची, आणि माझी तर तेव्हा गुडघ्यातच होती!

दवाखान्यात आमचे हे माझा हात धरून दोन दिवस बसले होते. धोका टळल्याचं कळल्यावर डोळे पुसत म्हणाले, "सोमवारचा उपास मात्र रोज करावासा वाटला नाही गं तुला कधी!"