नव्या वॉर्डाची यादी

आमचा वॉर्ड नवा झाला तेव्हा त्याच्या हद्दी वाचून मला हसू आलं होतं. एका बाजूला कालवा, दुसरीकडे ओढा, आणि मधली रेघ अशी काही मारलेली की पिठाची गिरणी एका वॉर्डात आणि गिरणीवाल्याचं घर दुसऱ्यात. कुणी आखली देव जाणे. बिबवेवाडीच्या त्या तुकड्यात जुन्या गावातली शेतकरी घरं होती, त्यांच्याच शेतांवर उठलेल्या सोसायट्या होत्या आणि आमच्या दारासमोरची मुसलमानांची गल्ली होती. एकमेकांच्या लग्नात कधी जेवलेले नव्हते हे लोक, आणि आता मिळून एक नगरसेवक निवडणार होते.

आमच्या ह्यांनी उभं राहायचं ठरवलं. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी. सरकारी नोकराला उभं राहता येत नाही, म्हणून निवृत्तीला पाच वर्षं असताना राजीनामा देऊन मोकळे झाले. मी भांडले, चार दिवस बोलले नाही. पण वीस वर्षं दर रविवारी हा माणूस लोकांच्या तुंबलेल्या गटारांपाशी उभा असायचा, कुणाच्या तरी रेशनकार्डासाठी खेटे घालायचा. ही सगळी माणसं आपली आहेत असं त्यांना मनापासून वाटायचं. शेवटी मीही पदर खोचला.

यादीचं काम माझ्याकडे आलं. मला घर न् घर माहीत होतं ना! मतदारयादी पुढ्यात घ्यायची, एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिलीने खूण करायची. आपला असेल तर बरोबर, कुंपणावरचा असेल तर गोल, विरोधातला असेल तर फुली. फुलीवाल्याच्या घरी केंद्र आणि यादीतला नंबर लिहिलेली मतदानाची चिठ्ठी पोचवायची नाही, ही पद्धत. नावं वाचायला गावातले एक जमीनवाले बसायचे, नुकतेच बिल्डर झालेले. त्यांचं सगळं राजकारण आडनावावर चालायचं. समोरच्या गल्लीची पानं आली तेव्हा त्यांनी नावं वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.

"ही गल्ली आपली न्हाय, वहिनी. फुल्या मारा आन् फुडं चला."

पहिलंच नाव चाचांचं होतं. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पंचवीस वर्षं आमची दारं समोरासमोर. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात त्यांच्या बायकोने माझ्या थोरलीला आठ दिवस पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. मी जरा थांबले. थांबले एवढंच. बिल्डरला यातलं कळतं, आपल्याला काय कळतंय, असं म्हटलं आणि मारल्या फुल्या. गल्ली संपेपर्यंत मारल्या. आयुष्यात मी बरंच काही चुकीचं केलंय, पण एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

एरवी चिठ्ठी नसली तरी लोकांचं अडत नसे. पण वॉर्ड नवा, तशी मतदानाची केंद्रंही नवी. चाचा इस्त्रीचा सदरा घालून, घरच्यांना घेऊन नेहमीच्या शाळेत गेले. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर कळलं, इथे नावच नाही. मग ते आमच्या टेबलाशी आले. तिथे बिल्डरसाहेब बसले होते. त्यांनी पान काढलं, फुली बघितली आणि पुढच्या टेबलावर विचारा म्हणून यादी मिटली. चाचांनाही ते वरपासून खालपर्यंत फुल्यांचं पान दिसलं होतं. ते पुढच्या टेबलावर गेले नाहीत, घरी परतले. हे सगळं मला नंतर कळलं.

हे पडले. अगदी थोडक्यात. सोसायट्यांनी सुट्टी म्हणून महाबळेश्वर गाठलं होतं. गावाने आपल्या भावकीतला धरला, आणि आमचे बिल्डरसाहेब मतमोजणी संपायच्या आत तिकडच्या गुलालात नाचत होते. धन्य आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. हे खुर्चीत बसले होते, दाढीसुद्धा केली नव्हती. मी चहा ठेवला, तो चाचांनी घेतला नाही.

"वहिनी, यादी तुमच्याकडे होती ना? त्या फुल्या तुमच्याच हातच्या?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला तोंड होतं कुठे?

"आमची सगळी गल्ली ह्यांनाच देणार होती. मशिदीपाशी बसून ठरवलं होतं आम्ही. मी टेबलावरून परत आलो तेव्हा बाकीचे निघायचेच होते. मी काय बघितलं ते त्यांना सांगितलं. मग कुणी निघालंच नाही."

एवढं बोलून ते उठले. जाताना त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

ह्यांनी चाचांचा गार झालेला चहा बाजूला सारला. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती जणांना मारल्यास?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.