पडलेल्या पापणीचा फोटो

पेडगावच्या शाळेत चौथीला शिकवत होते तेव्हा दुपारनंतर माझी डावी पापणी खाली यायची आणि फळ्यावरची एक ओळ दोन दिसायची. सकाळी पुन्हा सगळं ठीक असायचं, त्यामुळे कुणाला खरं वाटत नसे. मुख्याध्यापकांना तर नाहीच. एका दुपारी वह्या तपासताना दमून मी क्षणभर मान टेकली. त्यांनी दारातून फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मॅडमची वामकुक्षी.' सगळे हसले. संध्याकाळपर्यंत तो गावात फिरला.

पुढं बोलणंही अडखळू लागलं, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथं कळलं, मायस्थेनिया. शरीराची प्रतिकारशक्तीच माझ्या स्नायूंवर उलटली होती. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. हाड मधोमध कापून ती ग्रंथी काढली. नंतर खोकला आला की उशी छातीशी गच्च धरायची. सासूबाई म्हणायच्या, "देवाचं नाव घे माय." मी त्या फोटो काढणाऱ्या मुख्याध्यापकांचं घ्यायचे.

पापणी लगेच सावरली नाही. वर्षभर गोळ्या घेतल्या, मग हळूहळू ओळी एक दिसू लागल्या.

मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला मांडव घातला होता. त्यांच्या सुना, नातवंडं पुढच्या रांगेत. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मीच उठून माइक घेतला.

"सरांनी काढलेला माझा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशी मी झोपले नव्हते. छातीत गाठ होती." गळ्याखालचा व्रण दाखवला. "सर, तेव्हा हसलात. आता हसा."

सर उठले. "मॅडम, गंमत होती ती. चुकलं माझं, माफ करा."

"नाही करत," म्हटलं आणि माइक खाली ठेवला.

गाडीवरून घरी येताना नवरा म्हणाला, "लयच बोललीस. नातवंडांसमोर तरी नको होतं."

"तो फोटो गावभर फिरला, तेव्हा माझ्या लेकरांनी नाही पाहिला?"

त्यानं गाडीचा वेग वाढवला.

महिन्याभरानं सर मानवतच्या बाजारात दिसले. मला पाहून शेजारच्या गल्लीत वळले. मी मेथीची जुडी घेतली आणि त्याच गल्लीत शिरले. मला काही घाई नव्हती.