टाकी, नीळ आणि शेजारची विहीर

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवणं हा आळशीपणा समजला जाई. आबा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरणारे मोल्डर होते. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या ओतकामाच्या पोटात कशी पोकळी दडलेली असते, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. त्यामुळे ते काहीही ठोकून बघत. कलिंगड ठोकत, विटा ठोकत, माठ तर कुंभाराच्या देखत तीन तीनदा ठोकत. माणसं ठोकता येत नाहीत याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही कोल्हापूरच्या कडेला, नुकतेच प्लॉट पडलेल्या एका माळावर घर बांधायला घेतलं आणि ते होईपर्यंत तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथे गटार नव्हतं आणि नळही नव्हता. म्हणजे संडाससाठी जमिनीत सेप्टिक टाकी बांधणं आलं आणि पाण्यासाठी शेजाऱ्याचं तोंड बघणं आलं. शेजारी एकच होते. त्यांच्याच रानाचे प्लॉट पडले होते. स्वतःसाठी त्यांनी घर, चार म्हशी आणि एक जुनी दगडी विहीर राखून ठेवली होती. मी त्यांना मामा म्हणू लागले. ते आबांना ‘पावणं’ म्हणत.

पहिल्याच दिवशी मामांनी गाव विचारलं. आबांनी कुरुंदवाडजवळचं एक गाव सांगितलं. मग मामांनी विचारलं, गावात घर कुठल्या अंगाला? तिथेच आबांच्या मनात पाल चुकचुकली. पायाभरणीला आम्ही बुद्धाचा फोटो ठेवून वंदना घेतली, तेव्हा मामा कुंपणापाशी उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. आईने दिलेला पेढा त्यांनी घेतला. तो तोंडात गेला की खिशात, यावर आबांनी बारीक नजर ठेवली होती. तोंडात गेला. आबांचं समाधान झालं नाही.

बांधकामासाठी मामांनी मोटार लावून पाइप आमच्या बाजूला सोडला, तेही आम्ही न मागता. पिण्याचं पाणी मात्र मामी स्वतः दोरीनं शेंदायच्या आणि आमच्या कळशीत ओतायच्या. एकदा आई दोरीला हात घालायला गेली, तर मामा लगबगीनं पुढे आले. कप्पी जुनी आहे, नवख्याच्या हातून दोरी सुटते, असं म्हणाले. आईला ते खरं वाटलं. आबांना नाही. त्यांच्या लहानपणी त्यांची आई गावच्या विहिरीपासून चार हात लांब घागर घेऊन उभी राहायची आणि कुणाला दया आली की वरून पाणी पडायचं.

“तिकडं बी कायबाय कारणं हुतीच की,” आबा म्हणाले.

टाकीचा खड्डा मेस्त्रीनं आधी रस्त्याच्या बाजूला घेतला होता. दोन फुटांवर काळा खडक लागला आणि पहार उडायला लागली. मऊ जमीन होती ती मागच्या कोपऱ्यात, आणि तिथून मामांची विहीर जेमतेम पन्नास-साठ फुटांवर. खड्डा तिकडे सुरू झाल्याचं दिसताच मामा आले. टाकी दुसरीकडे घ्या, आमचं पाणी नासेल, एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. आता मला वाटतं, त्यांच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. पण आबांचं डोकं सणकलं. मामांचा शेणाचा उकिरडा विहिरीच्या आणखी जवळ होता. म्हशींचं चालतं आणि आमचं चालत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा, असं ते दिवसभर घरात पुटपुटत होते.

शेवटी टाकी तिथेच राहिली, पण आबांनी दोन गोष्टी मामांना ठासून सांगितल्या. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जिथे जमिनीत मुरतं तो शोषखड्डा ते लांबच लांब पाइप टाकून विहिरीच्या उलट बाजूला नेणार होते. आणि टाकीतून एक थेंब झिरपला तर ती स्वतःच्या हाताने फोडणार होते. मामांनी ऐकून घेतलं. मान हलवली, पण ती होकाराची की नुसतीच, हे कळेना.

आता आबांना मेस्त्रीवर संशय घेणं भाग होतं. सिमेंटची पोती ते मोजून देत आणि रिकामी पोती मोजून परत घेत. टाकीला आत तीन कप्पे होते. गिलावा वाळल्यावर आबा शिडी लावून आत उतरले, फाउंड्रीतला छोटा हातोडा घेऊन. वर मी आणि मेस्त्री कान देऊन उभे. टण, टण, टण, आणि मग एका कोपऱ्यात भद्द. मेस्त्री म्हणाला, ओल आहे म्हणून तसं वाजतंय. आबांनी तो कोपरा फोडायला लावला. आत विटांचे तुकडे आणि माती कोंबलेली होती, सिमेंट नावाला. मेस्त्रीनं ते हाताखालच्या पोरांवर ढकललं. आबांनी सगळा कोपरा पुन्हा बांधून घेतला आणि त्या दिवसापासून मेस्त्रीचा चहा बंद केला. माझी तेव्हा खात्रीच पटली की संशय हीच जगण्याची खरी रीत आहे.

दुसऱ्यांदा गिलावा झाल्यावर टाकी काठोकाठ पाण्यानं भरून ठेवली. गळते का, हे बघायची ती नेहमीची पद्धत. पाणीही मामांच्याच विहिरीचं. आबांनी भिंतीवर खिळ्यानं रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. नवा गिलावा पाणी पितोच, मेस्त्रीनं शपथेवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक बोट. तिसऱ्या दिवशी आबा पोचायच्या आत मी गेले, तर मामा टाकीत काठी घालून उभे होते. काठीला त्यांनी सुतळीची गाठ बांधलेली होती. म्हणजे तेही रोज मापत होते. मला बघून काठी बाहेर काढली आणि निघून गेले.

मी ते आबांना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते घाबरलेले दिसले. उद्या त्या विहिरीचं पाणी म्हशीच्या मुतानं नासलं तरी नाव आपलंच येणार, ते म्हणाले. माळावर अजून घरं होणार होती. पहिल्याच घराला ‘पाणी नासवणारे’ असं नाव पडलं असतं, तर ते पुसायला आमचा जन्म पुरला नसता.

फाउंड्रीत पंपाचं ओतकाम गळतं का ते बघायला एका बाजूला चुना फासतात आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावतात. जिथे बारीक छिद्र असेल तिथे चुना ओला होतो. आबांनी तीच विद्या इथे लावली. त्यांनी कपड्यांना घालायच्या निळीच्या चार पुड्या आणल्या आणि टाकीत कालवल्या. पाणी गडद निळं झालं. टाकी झिरपत असेल तर निळा रंग विहिरीत उतरेल, आणि तो आधी आपल्याला दिसेल, असा त्यांचा हिशेब. तो त्यांनी मेस्त्रीला सांगितला नाही, मामांना तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मामा काठी घेऊन आले आणि काठी निळी झाली. ते तडक आमच्या शेडच्या दारात. आबा कामावर निघाले होते.

“पावणं, टाकीत काय घातलंयसा?”

आबांनी खरं सांगितलं. नीळ आहे, विषबिष काही नाही. विहिरीत रंग उतरला तर लगेच कळेल आणि मी टाकी फोडीन. मामांनी काठीचं निळं टोक उजेडात फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “आन् तुमी बघणार कसं? माझ्या हिरीत?”

आबांनी सगळा विचार केला होता, एवढा एक सोडून. विहिरीतलं पाणी काढून उजेडात धरल्याशिवाय रंग दिसणार नव्हता, आणि त्या दोरीला आमच्यापैकी कुणाचा हात कधी लागलाच नव्हता. माझे हुशार आबा पायांतल्या चपलांकडे बघत उभे होते. मला मामांचा भयंकर राग आला.

“शेंदा की मग,” मामा म्हणाले. “रोज शेंदा. सोताच्या हातानं.”

आम्ही तिघं विहिरीवर गेलो. मामांनी दोरी आबांच्या हातात दिली. कप्पी खरंच जुनी होती. दोरी एकदा घसरली, आबांचा तळहात सोलवटला. त्यांनी बादली वर काढली, आमच्या काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, ते मामांच्या पांढऱ्या पटक्यासमोर धरून रंग पाहिला आणि पिऊन टाकलं. पाणी स्वच्छ होतं.

तेव्हापासून तो नेमच झाला. टाकीवर स्लॅब पडला, टाकीत घाण कुजवणारे जंतू वाढावेत म्हणून मेस्त्रीच्या सांगण्यावरून मामांकडूनच शेण आणून ते कालवून आत ओतलं, आम्ही शेडमधून नव्या घरात राहायला गेलो. आबा रोज सकाळी कामावर जायच्या आधी विहिरीवर जात, बादली काढत, एक पेला पाणी पीत. मामा तोंडात मिश्री लावून तिथे असत. दोघं चार शब्द बोलत. आई म्हणायची, बघा, दोस्ती झाली. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. दोन वर्षांनी प्रयोगशाळेत काहीतरी गाळताना माझ्या लक्षात आलं की निळीची पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. पन्नास फूट मातीतून ती जाणारच नाही, माती तिला गाळून घेईल. बाकीची घाण मात्र बिनरंगाची जाऊ शकेल. आबांच्या परीक्षेला काही अर्थ नव्हता. मी हे कुणालाही सांगितलं नाही.

माळावर नळ आले ते दोन हजार सालानंतर. तरीही मामांचं घर विहिरीचंच पाणी प्यायचं, नळाला औषधाचा वास येतो म्हणून. आबांचा पेलाही चालूच होता. मग एका पावसाळ्यात आबा तापानं आडवे झाले. तिसऱ्या दिवशी मामा फाटकाशी आले.

“पावणं आलं न्हाईत तीन दिस. पोटाचं काय न्हाय न्हवं?”

मी ताप आहे म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, जुलाब, उलटी काही? नाही म्हटल्यावर त्यांचा श्वास मोकळा झाला. आणि मला लखकन कळलं. इतकी वर्षं मामा तिथे गप्पा मारायला थांबत नव्हते. आबा पीत, ते बघत, आणि आबा धडधाकट दिसले की मग त्यांचं घर पाणी भरे. मी संतापून आत गेले आणि आबांना सगळं सांगितलं.

आबा उशीला टेकून बसले. त्यांना जराही नवल वाटलं नाही.

“मला म्हाईत हाय की. पयल्या दिसापास्नं,” ते म्हणाले. “माज्या आईला त्यांचं झाल्यावर मिळायचं. हितं आदी मी पितो. मग त्यांचं घर.” थोडं थांबून म्हणाले, “कशापायी का आसंना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला घेऊन मी विहिरीवर गेले. मामा होतेच. ते बाजूला सरकले. मी बादली सोडली. कप्पी कुरकुरली, दोरी घसरली, मी ती घट्ट धरली. पेला भरला, उजेडात धरला. निळा रंग नव्हता, आणि नसण्याला काही अर्थ नाही हे त्या विहिरीवर फक्त मला ठाऊक होतं. पावसाळ्यात पाणी वर आलं होतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. आबा खिडकीतून बघत होते.

मी सगळं पाणी प्यायले आणि पेला उलटा करून दाखवला. मग मामांनी दोरी हातात घेतली.