बीजींचा रिकामा कोपरा

इंदूरच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन सुया होत्या, एक भिंग होतं, आणि अंगात भरपूर घमेंड होती. घमेंड ताईनेच चढवलेली. "तुझ्याशिवाय हे काम कोणी नाही करू शकत गं, केतकीच्या इज्जतीचा सवाल आहे," असं तिने फोनवर म्हटल्यावर सांगलीची कुठली कशिदा काढणारी बाई घरी बसेल?

ताई लग्न होऊन इंदूरला आली ती इथलीच झाली. केतकी तिची एकुलती एक मुलगी. तिचं ऑफिसातल्या एका पंजाबी मुलाशी लग्न ठरलंय. त्याच्या आजीने, म्हणजे बीजींनी, नातू जन्मला तेव्हाच लाल खद्दर घेऊन त्यावर सोनेरी रेशमाने फुलकारी भरायला घेतली होती, येणाऱ्या नातसुनेसाठी. सगळी ओढणी भरली, पण तळहाताएवढा एक कोपरा रिकामा ठेवून ती केतकीकडे पाठवली. निरोप एवढाच, "बाकी बहू करेगी."

आता बहूने आयुष्यात शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नाही. ताईला मात्र त्यात काही अडचण दिसली नाही. आपल्याकडे रुखवतात "वधूची हस्तकला" म्हणून जे मांडतात, त्यातलं निम्मं मावशीने केलेलं असतं, हे काय कुणाला माहीत नाही? तोच न्याय इथे.

"पहिले पोहे खाऊन घे, बाकीच्या बातें नंतर," ताई म्हणाली. पोह्यांवर शेव, जिरावण (मसाल्याची आंबट-तिखट पूड), आणि बशीच्या कडेला गरम जिलेबी. सांगलीत कुणी पोह्यांबरोबर जिलेबी दिली तर आम्ही आधी त्याची तब्येत विचारू. मी नाक मुरडत एक खाल्ली, मग दुसरी मागून घेतली. ताई नुसती हसली.

मग रिक्षाने राजवाड्यामागच्या बाजारात, जुळता धागा शोधायला. दुकानदाराने ट्यूबलाइटखाली लडी धरून छातीठोकपणे सांगितलं, "दीदी, यही शेड है. आँख बंद करके ले जाओ." डोळे मिटून घेतलं, आणि रस्त्यावर येऊन बघते तर ओढणीवरचं रेशीम हळदीचं आणि धागा लिंबाचा! मी त्याला हाताला धरून उन्हात आणलं. तो बिचारा दोन्हीकडे बघून म्हणाला, "अरे भिया, ये तो सूरज की गलती है!" इंदुरात बाईलाही भिया, म्हणजे भाऊच म्हणतात; पण सूर्यालाच दोषी धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी त्याने आख्खं कपाट उपसलं तेव्हा खरा रंग मिळाला.

घरी येऊन मी ओढणी उलटून पाहिली. फुलकारी म्हणे उलट्या बाजूने भरतात, खद्दराचे धागे मोजत. सुलट बाजूला लांब रेशमी टाके, उलट बाजूला नुसते बारीक ठिपके. म्हणजे बाई महिनोन्‌महिने पाठच बघत बसते, फूल दिसतं ते कापड उलटल्यावर! आमच्या कसुतीच्या कशिद्यात असला छळ नाही. जाताना टाका सोडत जायचं, येताना भरत यायचं, गाठ मारायची नाही, दोन्ही बाजू सारख्या. मी सरळ सुलट बाजू समोर घेतली आणि माझ्या पद्धतीने कोपरा असा भरला की माझ्यावर मीच खूश झाले.

केतकी चहा घेऊन शेजारी बसली. "मावशी, बीजींनी पूछलं तर?"

"सांग, मी केलं."

"झूठ बोलू?"

"अगं, रुखवत म्हणतात त्याला," मी म्हटलं. ती हसली नाही.

मग आम्ही तिघी ओढणी घेऊन बीजींकडे गेलो. व्हरांड्यात खाटेवर ऊन खात बसल्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली. त्यांनी ओढणी मांडीवर घेतली आणि कोपऱ्यावरून बोटं फिरवली. "बड़ी सफ़ाई है," म्हणाल्या. मी फुगले. मग त्यांनी केतकीचा हात धरला आणि एकेका बोटाचं टोक चाचपडलं. "पुत्तर, सुई नहीं चुभी?"

ताईला अचानक खोकला आला. केतकीचे डोळे भरले. "बीजी, मैंने नहीं किया. मौसी ने किया है."

मला वाटलं, झालं, लग्न मोडलं! आणि बीजी चक्क खदखदून हसल्या. "मेरा कोना भी मेरी मासी ने भरा था! सास जब भी ओढ़नी देखती, सबको बताती, ये मेरी बहू के हाथ का है. और मैं हर बार डरती. मर गई बेचारी, मैं सच नहीं बता पाई." मग केतकीचा हात तसाच धरून म्हणाल्या, "तू मत डरना. इसीलिए पूछा."

आणि मला म्हणाल्या, "मासीजी, कैंची उधर है."

स्वतःचं इतकं देखणं काम स्वतःच्या हाताने उसवायचं! जीव तीळतीळ तुटला माझा, खोटं कशाला सांगू? केतकी बीजींच्या पायाशी बसली आणि दुपारभर उलट्या बाजूने टाके घालत राहिली. तीनदा "आई गं" म्हणाली. कापड उलटलं तर फूल कसलं, लंगडं कोंबडं! ताईने डोळ्यांवर हात ठेवला. बीजींची बोटं मात्र आपल्या गुळगुळीत फुलांवरून सरकत सरकत तिथे आली आणि थांबली.

"हाँ," त्या म्हणाल्या, "यहाँ बैठी है मेरी बहू."

मला रडू आलं. ताईला तर आधीच आलेलं होतं.

परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं की आम्ही मावश्या पोरींवर माया करता करता त्यांच्या वाटणीचं वेडंवाकडंही हिसकावून घेतो. सांगलीला नवरा न्यायला आला होता. बॅग उचलत त्याने विचारलं, "काय, झालं का काम?"

"केलं," मी म्हटलं, "मग उसवलं. तेव्हा कुठे झालं."