लॉगिन शेवटी का

व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की मला डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजची लॅब आठवते. शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने पाण्याचा टँकर कधी येणार ते कळवणारं ॲप प्रोजेक्टला घेतलेलं. त्याचा बॅकलॉग, म्हणजे आधी काय बनवायचं आणि नंतर काय, हे ठरवणं माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून मी एआयला मराठीतून सांगत गेले. त्याने लॉगिन सगळ्यात वर ठेवलं. मी ते शेवटी नेलं, कारण टँकर आल्यावर आमच्या चाळीत पासवर्ड टाकायला कुणाचा हात मोकळा नसतो. ग्रुपलाही मी हे समजावलेलं. सर बोर्डावर कामं लिहीत होते. "बॅकलॉग कुणी केला?" मी हात वर केला, तसं त्यांनी पुढे माझं नाव लिहिलं. "सर, एआयने!" ग्रुपमधला एकजण म्हणाला, आणि सगळे हसले. त्याने स्वतः अख्खा कोड एआयकडूनच लिहून घेतलेला. "मग मॅडम, तुम्ही काय केलं?" सरांनी इंग्रजीत विचारलं. माझं वाक्य जुळेपर्यंत त्यांनी माझं नाव पुसून त्याचं लिहिलं. प्रेझेंटेशनही त्यानेच दिलं. लॉगिन शेवटी का, ते छान इंग्रजीत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. घरी पप्पांनी विचारलं, "काय गं, सर काय बोलले?" "आवडलं त्यांना," मी म्हणाले. ॲप आमच्या पोरीने बनवलं, असं ते अजून चाळीत सांगतात, आणि मी दुसरीकडे बघते.